निसर्गोपचाराला पहिल्यांदा जाताय? आधी गोळ्यांची पिशवी काढा

निसर्गोपचाराकडे वळणारी बहुतेक माणसं एका वाक्यावर विसंबून येतात: "यात औषध नाही, म्हणजे साइड इफेक्टही नाही." पहिला भाग खरा आहे. भारतातला निसर्गोपचार मुळात बिनऔषधी आहे. माती, पाणी, ऊन, वाफ, मालीश, आहार, उपवास आणि योग एवढीच त्याची सामग्री. दुसरा भाग मात्र तपासून घ्यावा लागतो. तीन दिवस फक्त रसावर राहिलं की रक्तातली साखर उतरते, वाफेच्या पेटीत बसलं की रक्तदाब खाली येतो, एनिमाने शरीरातलं पाणी आणि क्षार हलतात. हे होतं म्हणूनच त्याला उपचार म्हणायचं. आणि तुम्ही सकाळी घेतलेली शुगरची किंवा बीपीची गोळीही त्याच वेळी त्याच शरीरात आपलं काम करत असते. नव्या रुग्णाला त्रास होतो तो बहुतेक वेळा या दोन कामांची गाठ पडते तिथे.

कशासाठी जाताय ते आधी ठरवा

"बॉडी डिटॉक्स करायचंय" हे कारण पुरेसं नाही. शरीरातली नको असलेली द्रव्यं बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात, आणि ती नीट चालत नसतील तर तुम्हाला आश्रमाची नव्हे, तपासणीची गरज आहे. कारण नेमकं असलं की डॉक्टरलाही काम करता येतं: वजन आणि त्यासोबत वाढलेली शुगर, सुरुवातीच्या टप्प्यातलं बीपी, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, कंबरदुखी, गुडघ्यांची झीज, झोप न लागणं, ताण. या तक्रारींचा खाण्यापिण्याशी, हालचालीशी आणि दिनक्रमाशी थेट संबंध आहे, आणि निसर्गोपचाराची खरी ताकद तिथेच आहे. मीठ-साखर कमी, भाज्या जास्त, वजन खाली, रोज योगासनं, वेळेवर झोप: याने टाइप 2 मधुमेह आणि बीपी सुधारतात, जुनाट कंबरदुखीत योगाचा उपयोग होतो, याला चांगला आधार आहे. मातीपट्टी आणि कटिस्नान (कंबर-पोट पाण्यात बुडवून बसणं) यांच्यामागचा पुरावा त्यामानाने पातळ आहे. त्यांनी बरं वाटतं, अंग हलकं होतं, पण त्यावर मधुमेह बरा होईल अशी आशा लावू नका.

आता कशासाठी जाऊ नये तेही सांगतो. छातीत दुखणं, अर्धांगाची लक्षणं, तापासोबत गुंगी, पोटात अचानक उठलेली तीव्र कळ, सर्पदंश. यांपैकी काहीही असेल तर 108 ला फोन आणि रुग्णालय. टीबी, कॅन्सर, टाइप 1 मधुमेह आणि अपस्मार यांत चालू उपचार सोडून निसर्गोपचार घेणं जिवावर बेततं. सोबत घ्यायचा असेल तर मूळ डॉक्टरांना विचारून. निसर्गोपचाराचे आपल्याकडचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते म्हणजे गांधीजी. 1924 च्या जानेवारीत येरवडा तुरुंगात असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. मातीपट्टीवर एवढा विश्वास असलेला माणूसही त्या रात्री टेबलावर झोपला, हे निसर्गोपचाराच्या कट्टर भक्तांना मी आवर्जून सांगतो.

डॉक्टर कोण, हे पाटी वाचून कळत नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण नवा रुग्ण सगळ्यात जास्त फसतो तो इथेच.

भारतात या शाखेची पूर्ण वेळ पदवी म्हणजे बीएनवायएस, बॅचलर ऑफ नॅचरोपॅथी अँड योगिक सायन्सेस. साडेचार वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप, असे एकूण साडेपाच वर्षं. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, निदान हे सगळं त्यात असतं. असा डॉक्टर तुमचा ईसीजी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) वाचू शकतो आणि कुठे थांबायचं ते त्याला कळतं. याउलट एन.डी.डी.वाय. सारखी पदविका दूरशिक्षणाने करता येते, आणि काही महिन्यांच्या प्रमाणपत्रांवर चालणारी केंद्रंही गल्लोगल्ली आहेत. पदविकावाल्यांत कुणी अनुभवी नसतं असं मी म्हणणार नाही. मालीश, पट्ट्या, पाण्याचे उपचार उत्तम देणारी माणसं त्यांत भेटतात. पण मधुमेहाच्या माणसाला पाच दिवस उपवास घालण्याचा निर्णय त्यांच्यावर सोडू नये.

दुसरी अडचण कायद्याची आहे. 2020 चा राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोगाचा कायदा आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) यांच्यासाठी आहे. निसर्गोपचार त्यात नाही. कर्नाटक, तमिळनाडू यांसारख्या काही राज्यांनी आपापल्या पातळीवर नोंदणीची सोय केली. म्हणून "डॉक्टर, तुमची पदवी कोणती, कुठल्या विद्यापीठाची आणि नोंदणी कुठे आहे?" हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. शिकलेला माणूस याने दुखावत नाही. उलट "एन.डी." (नॅचरोपॅथीचा डॉक्टर) एवढीच अक्षरं छापून पुढे काही सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जाऊ नका.

महाराष्ट्रात सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी पुण्याकडे बोट दाखवतो. डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहत असत. त्याच जागी, ताडीवाला रोडवरच्या बापू भवनात, केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था 1986 पासून आहे. येवलेवाडीचा निसर्ग ग्राम परिसर तिचाच. पुण्याहून सोलापूर रस्त्याने गेलं की उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम लागतो. 1946 च्या मार्चमध्ये गांधीजी तिथे राहिले, रुग्ण तपासले आणि पुढे मणिभाई देसाईंनी तो आश्रम उभा केला. या दोन्ही ठिकाणचा आहार साधा असतो. हॉटेलसारखी खोली आणि स्पासारखा मेनू हवा असेल तर तशीही केंद्रं आहेत. तिथे पैसे जास्त पडतात, एवढं धरून चाला. राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, म्हणजे एनएबीएच, योग आणि निसर्गोपचाराच्या रुग्णालयांनाही मान्यता देतं. ती आहे का, हेही विचारता येतं.

जाहिरातीबाबत एक साधी खूण सांगतो. 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह, कॅन्सर, अपस्मार असे आजार आहेत आणि ते बरे करण्याच्या जाहिरातींना त्यात बंदी आहे. "21 दिवसांत शुगर कायमची बरी" असा फलक लावणारा माणूस पहिल्या ओळीतच कायदा मोडतोय, तेव्हा पुढच्या ओळी वाचायची गरज नाही. डोळ्याच्या बुबुळाकडे पाहून सगळे आजार सांगणाऱ्यांचंही तसंच. ती पद्धत काटेकोर चाचण्यांत टिकलेली नाही.

गोळ्यांची पिशवी

ठरलेल्या भेटीच्या आधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरा. चिठ्ठीवर नावं लिहून नेण्यापेक्षा पाकिटं बरी, कारण मिलिग्रॅमचा आकडा लिहिताना चुकतो. आयुर्वेदिक चूर्ण, होमिओपॅथीच्या गोळ्या, कॅल्शियम, शेजारणीने सुचवलेलं काढ्याचं पाकीट हेही त्यातच. मग ही पिशवी घेऊन आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. "मी अमुक दिवस निसर्गोपचाराला जाणार आहे, तिथे उपवास आणि रसाहार असेल, तर कुठल्या गोळीचं काय करू?" एवढंच विचारा. काही डॉक्टर कपाळाला आठ्या घालतील. घालू द्या, पण उत्तर घेऊनच बाहेर पडा आणि ते कागदावर लिहून घ्या.

कुठल्या गोळ्यांबद्दल खास विचारायचं?

शुगरच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या आणि इन्शुलिन पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ओढतात. उपवासाच्या दिवशी नेहमीचा डोस घेतला तर शुगर डाऊन होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. मेटफॉर्मिन एकटी असेल तर हा धोका फार कमी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांच्यासोबत उपाशी राहिलं तर शुगरचा आकडा ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं; मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं येतात आणि ग्लुकोमीटर पाहून सगळे निवांत राहतात. ही गोळी चालू असेल तर उपवासाआधी ती थांबवायची का आणि किती दिवस आधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. पाकिटावर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं दिसेल. बिनमिठाचा आहार, रोजची वाफ आणि वर ही गोळी असं एकत्र आलं की पलंगावरून उठताना घेरी येते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल चालू असेल तर पालक, कोथिंबीर, गव्हांकुर यांचे रस अचानक सुरू करू नका. त्यांतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. हिरव्या भाज्या खायच्याच नाहीत असं नव्हे. रोज साधारण सारख्या खायच्या आणि बदल केला तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासून घ्यायचा. लिथियम हे मानसोपचारातलं औषध घेणाऱ्यांनी बिनमिठाच्या आहारापासून सावध राहावं, कारण मीठ आणि पाणी कमी झालं की रक्तात लिथियम साचतं. थायरॉइडची गोळी मात्र सगळ्यात सोपी: पहाटे उठल्यावर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास लिंबू-मध पाणी, काढा, रस काहीही घ्यायचं नाही. केंद्रात सकाळी साडेपाचला हातात काढ्याचा पेला येतो, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा.

काही गोळ्या एका दिवसात कधीच बंद करायच्या नसतात: स्टेरॉइड, अपस्मारावरच्या गोळ्या, मेटोप्रोलॉल-एटेनोलॉलसारख्या हृदयाच्या गोळ्या, मानसोपचारातली औषधं. "इथे आल्यावर सगळ्या गोळ्या बंद" असा सरसकट नियम असलेल्या केंद्रातून सरळ परत या. गोळी कमी व्हायची असेल तर ती आकडे पाहून, ज्यांनी लिहून दिली त्यांच्या सल्ल्याने, पायरी-पायरीने कमी होते.

आठवडाभर आधी

चहा. मराठी माणसाचं पहिलं संकट हेच असतं. दिवसाला चार-पाच कप चहा पिणाऱ्याचा चहा केंद्रात एकदम बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकतं की माणूस म्हणतो, "इथलं पाणीच मानवत नाही." हे कॅफीन सुटल्याचं दुखणं असतं. साधारण 12 ते 24 तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि आठवड्याभरात जातं. म्हणून जाण्याआधीच्या आठवड्यात दर दोन दिवसांनी एक कप कमी करा. कॉफीचंही तसंच. तंबाखू आणि मिसरी लावणाऱ्यांनी हे न लाजता सांगावं, लपवून पुडी नेण्यात काही अर्थ नाही.

रिपोर्ट काढून ठेवा: हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए1सी (शुगरची दोन-तीन महिन्यांची सरासरी), क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), आणि चाळिशी ओलांडली असेल तर ईसीजी. हे सगळे परत करावे लागतील असं नाही, गेल्या दोन-तीन महिन्यांतले चालतात. क्रिएटिनिन विशेष महत्त्वाचं आहे. का, ते पुढे येईल. हिमोग्लोबिनही. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की उपवासाचा विचार करण्याआधी हा आकडा पाहायलाच हवा.

सामानात ढिले सुती कपडे, दोन-तीन टॉवेल, जुनी अंतर्वस्त्रं (मातीचे डाग जात नाहीत), रबरी चपला आणि घरचं ग्लुकोमीटर ठेवा. सोनं घरी ठेवा. मालीश आणि वाफेच्या वेळी ते काढावंच लागतं. बहुतेक चांगल्या केंद्रांत स्त्रिया आणि पुरुषांचे उपचार विभाग वेगळे असतात आणि मालीश करणारी व्यक्ती त्याच लिंगाची असते. तसं नसेल तर आधीच विचारा, तिथे जाऊन संकोचत बसू नका. पाळीच्या तारखा पाहून दिवस निवडा, कारण त्या काळात एनिमा, कटिस्नान, वाफ असे बरेच उपचार थांबवतात.

पहिली भेट

चांगली पहिली भेट पाऊण तासाची तरी असते. झोप किती, पोट साफ कधी होतं, भूक कशी, काम काय, रात्री जेवता किती वाजता, घरात कोणकोण, मन कशाने खचतं, असं सगळं विचारलं जातं. वजन, बीपी, नाडी, कमरेचा घेर घेतात. रिपोर्ट पाहतात. तुमच्या बाजूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कोणी विचारो-न विचारो: पूर्वीच्या शस्त्रक्रिया आणि स्टेंट, पेसमेकर वगैरे, आणि गर्भारपण, किंवा तशी शक्यता. गरोदर असाल तर उपवास, गरम पाण्याचे उपचार, वाफ, एनिमा यांपैकी काही नको.

डॉक्टरांनी योजना सांगितली की हे विचारा: माझ्यासाठी उपवास का, किती दिवसांचा? त्या दिवसांत शुगर-बीपी कोण आणि दिवसातून किती वेळा तपासणार? रात्री काही झालं तर केंद्रात डॉक्टर असतात का, जवळचं रुग्णालय कुठलं? यातल्या शेवटच्या प्रश्नाला "तसं कधी होत नाही" असं उत्तर आलं, तर ते केंद्र मनातून वजा करा. आणि मूळ पद्धत बिनऔषधी असताना निघताना कोणी हजारो रुपयांच्या पावडरी आणि अर्कांचे डबे हातात ठेवत असेल, तर ते दुकान आहे.

उपचारांच्या खोलीत

मातीपट्टी पोटावर किंवा कपाळावर वीस ते तीस मिनिटं ठेवतात. तिची माती जमिनीखाली तीन-चार फुटांवरची, खडे काढलेली, उन्हात वाळवून चाळलेली असावी लागते. गार लागते, पहिल्या मिनिटाला पोट आत ओढलं जातं, मग बरं वाटतं. कटिस्नानाचं टब खुर्चीसारखं असतं. कंबर आणि पोट पाण्यात, पाय बाहेर. लुई कुन्हे या जर्मन माणसामुळे हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फार गाजलं. ओल्या चादरीची लपेट, पाठीचं स्नान, सूर्यस्नान यांत नव्या रुग्णाने घाबरण्यासारखं काही नाही, थंडी वाजली तर सांगायचं एवढंच.

वाफेच्या पेटीबाबत मात्र जागरूक राहा. आत जाण्याआधी एक-दोन पेले पाणी, डोक्यावर ओला रुमाल, आणि वेळ दहा ते पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. हृदयविकार, ताब्यात नसलेलं बीपी, ताप असेल तर वाफ नको. आत असताना छाती भरल्यासारखी वाटली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर "अजून पाच मिनिटं काढतो" हा मर्दपणा दाखवू नका.

मधुमेह जुना असेल आणि पायांना मुंग्या येत असतील, तर गरम पाण्याचं पायस्नान हा फसवा उपचार आहे. पायाला चटका कळतच नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो आणि मधुमेहीच्या पायावरचा फोड महिनोन्महिने भरत नाही. पाणी नेहमी हाताने, तेही दुसऱ्या कोणाच्या हाताने तपासून घ्यायचं.

एनिमा बहुतेक ठिकाणी कोमट पाण्याचा देतात. प्रत्येकाची नळी वेगळी असावी. ती तुमच्यादेखत नवी उघडली जाते का, हे बघा. मूळव्याधीतून रक्त जात असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर नकार द्या. रोजच्या रोज, कित्येक दिवस एनिमा घेण्याची सवय आतड्याला लागते. कॉफीचा एनिमा तर सरळ टाळा, त्याने आतड्याला सूज आल्याची आणि क्षार बिघडल्याची उदाहरणं आहेत. नाक धुण्याच्या जलनेतीचं पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं नको; न उकळलेल्या पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर माणूस वाचणं अवघड. मिठाचं पाणी पिऊन पोट साफ करायचं शंखप्रक्षालन बीपीवाल्यांनी आणि हृदयाच्या रुग्णांनी करू नये. कुंजल, म्हणजे पाणी पिऊन उलटी काढणं, हर्निया आणि अल्सर असलेल्यांनी टाळावं.

उपवास: एकादशीचा नव्हे

आपल्याकडे उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, वर केळी. एकादशी दुप्पट खाशी हे उगाच म्हणत नाहीत. निसर्गोपचारातला उपवास याच्या उलट्या टोकाला आहे: लिंबूपाणी, मधपाणी, भाज्यांचा रस, नारळपाणी, कधी नुसतं पाणी. त्यामुळे "मला उपवासाची सवय आहे" असं डॉक्टरांना सांगताना कुठल्या उपवासाची ते सांगा.

नव्या रुग्णाने पहिल्या खेपेला लांब उपवास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन दिवस फळं आणि उकडलेल्या भाज्या, मग एखादा दिवस रस, मग परत फळं, भाज्या, ताक, भाकरी अशी चढउतार पुरेशी असते. उपवास सोडणं हे उपवास करण्याइतकंच नाजूक काम आहे. कित्येक दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम पोटभर जेवण गेलं तर रक्तातले क्षार धोकादायक पातळीला उतरू शकतात. सत्तरीची माणसं आणि आधीच कृश असलेले यांच्याबाबत तर फारच जपावं लागतं. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, रक्त कमी असलेले, खाण्याच्या विकारातून गेलेले आणि गाउट असलेले यांनी उपवास करायचाच नाही.

आता ते क्रिएटिनिन. मूत्रपिंडं कमजोर असतील तर नारळपाणी, टोमॅटो, पालक, संत्री यांच्या रसांतलं पोटॅशियम बाहेर टाकलं जात नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. इतरांना थंडावा देणारं शहाळं या माणसाला घातक ठरतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर रसाहार नाही, इतकं सरळ ठेवा.

दुधीच्या रसाबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण तो घरोघरी पितात. काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखायचा. कडू लागला तर सगळा फेकून द्यायचा, दुसऱ्या रसात मिसळून कडवटपणा झाकायचा नाही. कडू दुधीतल्या कुकरबिटासिन या विषारी द्रव्यामुळे उलट्या, रक्ताचे जुलाब आणि बीपी कोसळणं अशी विषबाधा होते; माणसं दगावलीही आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हाच इशारा दिलेला आहे. काकडी आणि दोडक्यालाही तोच नियम.

"विषं बाहेर पडताहेत" असं कोणी म्हणालं तर

डोकेदुखी, जिभेवर पांढरा थर, तोंडाला वास, चिडचिड, पहिल्या दोन दिवसांतली मरगळ हे बहुधा चहा आणि जेवण सुटल्याने होतं आणि आपोआप ओसरतं. केंद्रात याला हीलिंग क्रायसिस म्हणतात. शब्द काही असो, त्याच्या आड खरा धोका दडू देऊ नका. शुगर 70 च्या खाली, घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, उभं राहिल्यावर बेशुद्धी, छातीत दुखणं किंवा धाप, न थांबणाऱ्या उलट्या, दिवसभरात लघवी जवळजवळ न होणं, काळं शौच. यातलं काहीही झालं तर उपचार तिथेच थांबवायचा आणि रुग्णालय गाठायचं. शुगर उतरली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. "उपवास मोडेल" म्हणून थांबणारा कोणीही समोर असला तरी त्याचं ऐकू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही.

पैशाचं

विम्याने मिळेल असं गृहीत धरून खोली घेऊ नका. आयुष उपचार आजकाल पॉलिसीत धरतात हे खरं. पण विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित अपवादांच्या यादीत 13 व्या क्रमांकावर हेल्थ हायड्रो (पाण्याच्या उपचारांची केंद्रं), नेचर क्युअर क्लिनिक, स्पा अशा ठिकाणचे उपचार स्पष्टपणे वगळलेले आहेत. तुमची पॉलिसी काढा, हा अपवाद त्यात शोधा आणि कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. फोनवरचं "हो सर, मिळेल" कामाचं नाही. केंद्राकडून आधीच विचारून घ्या की सांगितलेल्या दरात जेवण, उपचार, तपासण्या काय काय येतं आणि मधेच परत आलात तर पैसे किती मिळतात.

परदेशातल्या आपल्या लोकांसाठी

टोरंटो, सिएटल किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना जो एन.डी. भेटतो तो वेगळा प्राणी आहे. ऑन्टारियो, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी हा परवानाधारक व्यवसाय आहे. चार वर्षांचं महाविद्यालय, परीक्षा आणि मग नोंदणी, जी नियामकाच्या संकेतस्थळावर नावाने तपासता येते. परवाना नसलेल्या बहुतेक राज्यांत मात्र कोणीही स्वतःला नॅचरोपॅथ म्हणवू शकतं. तिकडचा एन.डी. वनस्पती आणि सप्लिमेंट भरपूर देतो, त्यामुळे गोळ्यांची पिशवी तिथे आणखी महत्त्वाची. सेंट जॉन्स वर्ट ही एकच वनस्पती गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारी औषधं आणि नैराश्यावरची औषधं या तिन्हींत गडबड करते. भारतात सुट्टीला येऊन दहा दिवस आश्रमात राहणाऱ्यांनी परत गेल्यावर आपल्या फॅमिली डॉक्टरांना काय काय बदललं ते सांगावं.

घरी आल्यावर

दहा दिवसांत तीन किलो उतरले म्हणून फार हुरळू नका, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. केंद्रातून निघताना आहाराचा तक्ता मागून घ्या, पण तो तुमच्या स्वयंपाकघरात बसेल असा करून घ्या. सकाळी नाचणीचं आंबील किंवा मुगाचं धिरडं, दुपारी ज्वारीची भाकरी, कमी तेलाची पालेभाजी, कोशिंबीर, ताक, रात्री साडेसातच्या आत हलकं जेवण. दीडशे रुपयांचा ॲव्होकॅडो कुठे मिळेल म्हणून फिरू नका. घरात जो कोणी रांधतो त्याला केंद्राच्या शेवटच्या दिवशी सोबत न्या. पथ्य पाळणाऱ्यापेक्षा पथ्य शिजवणाऱ्याला ते समजणं जास्त गरजेचं आहे.

परत आल्यावर आठवडाभर रोज, मग आठवड्यातून दोनदा बीपी आणि शुगर वहीत लिहा. वजन उतरलं आणि मीठ सुटलं की जुना डोस जड होऊ शकतो, म्हणून ती वही घेऊन दोन आठवड्यांत तुमच्या डॉक्टरांकडे जा. एचबीए1सी मात्र लगेच तपासू नका. तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे तीन महिन्यांनी तपासा. पुन्हा केंद्रात जायचं की नाही, हे तेव्हाच ठरवा.